जसे आहात तसेच राहा, फक्त चपला काढा

इतका प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही, आणि माझं इतकं वाटोळंही दुसऱ्या कुणी केलं नाही. धुळ्यात एका सरकारी खात्यासाठी तो योजनांच्या फिल्मा काढायचा आणि जीपमधून नेऊन आठवडी बाजारांत दाखवायचा. खऱ्यासाठी जीव टाकायचा. "जसे आहात तसेच राहा," असं शेतकऱ्याला बजावायचा आणि लगेच म्हणायचा, "फक्त चपला काढा." चोपड्याच्या एका केळीवाल्याचं घड्याळ त्याने उतरवलं, तो योजनेआधीचा गरीब झाला, चहा पिऊन घड्याळ चढवलं, योजनेनंतरचा सुखी. ही फिल्म लागली की हा स्वतःच डोळे पुसायचा.

मी बैलांचा दलाल. अनवाणी धंद्यात आलो, जिभेच्या जोरावर जामनेरच्या बाजारात नाव कमावलं. आमच्यात भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो. आकडा तिसऱ्याला कळत नाही, म्हणून सौदा फिसकटला तरी पुढच्या गिऱ्हाइकापुढे बैलाची किंमत पडत नाही. नफा मी घेतो, लूट करत नाही. हे सगळं त्याला बसवून समजावलं. त्याने मान डोलावली, रुमाल झकास टिपला. बाजारात फिल्म लागली तेव्हा भारदस्त आवाज आला, "या रुमालाखाली शेतकऱ्याची लूट चालते."

पुढच्या आठवड्यात माझ्या जुन्या शेतकऱ्याने हात पुढे केलाच नाही. "आबा, तुम्हना रुमाल राहू द्या. जे शे ते बठ्ठं तोंडवर सांगा." म्हणजे भाव आता चारचौघांत उघड बोलायचा.

तडक धुळं गाठलं, त्याच्या टेबलावर मूठ आपटली.

"रुमालाखाली तुझा कॅमेरा शिरला होता का रे?"

"नाही, आबा. चित्र खरं आहे. मजकूर वरून, साहेबांकडून येतो."

"मग तुझ्या खऱ्याला चाटू का मी?"

तो पुढच्या बाजाराला जामनेरला आला, तीच फिल्म लावली आणि साहेबांचा हुकूम मोडून आवाज बंद केला. पडद्यावर रुमाल नुसताच हलत होता. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात सगळा बाजार एका सुरात म्हणाला, "या रुमालाखाली शेतकऱ्याची लूट चालते." वर हशा. तो बटणावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

त्या बटणापायी त्याची लांब कुठेतरी बदली झाली. मी बैलांचा धंदा सोडला, गुरांच्या खाद्याचं, ढेप-सरकीचं दुकान टाकलं. राग तसूभर कमी झालेला नाही. फिल्मची जीप आली की दुकानाबाहेर येऊन बघतो, कोण उतरतंय. दर वेळी दुसराच कुणी असतो. मग मी मुकाट्याने आत जातो. त्याच्यासाठी ठेवलेल्या शिव्या परक्या माणसावर खर्च करवत नाहीत.