किडे : आढळले

माझ्या आत्याला बाजारात सगळे नाकतोडेवाली म्हणतात. मासळीच्या ओळीतल्या शेवटच्या ओट्यावर बसून सतरा वर्षं ती भाजलेले नाकतोडे विकते. शेजारी सुक्या कोळंबीवाला. तुझा माल उड्या मारत पळून जाईल, असं तो तिला चिडवतो. ती म्हणते, तुझ्या कोळंबीला दहा पाय, माझ्या नाकतोड्याला सहा. मग किडा कोण जास्त?

ती हे काम कसं करते ते लिहिलंच पाहिजे, कारण ज्यांनी तिच्या मालावर शिक्का मारला त्यांच्यापैकी कोणीही ते पाहिलेलं नाही. औषध न फवारलेल्या गवतातूनच ती नाकतोडे धरते, तेही पहाटे, कारण गारव्यात ते सुस्त असतात. मग दिवसभर जाळीच्या डब्यात उपाशी ठेवते, म्हणजे त्यांचं पोट साफ होतं. नंतर उकळतं पाणी. मग पंख आणि मागच्या तंगड्या काढायच्या. त्या तंगड्यांना करवतीसारखे काटे असतात आणि ते घशात अडकतात, म्हणून एकेक तंगडी हाताने. शेवटी मीठ लावून लोखंडी कढईत खरपूस भाजायचं. नव्या गिऱ्हाइकाला ती आधी एकच गोष्ट विचारते: कोळंबी चालते का तुम्हाला, अंगावर पुरळ येत नाही ना? कोळंबी बाधते त्याला नाकतोडाही बाधू शकतो, हे मी अन्नतंत्रज्ञान शिकताना तिसऱ्या वर्षी वाचलं. आत्याची शाळा चौथीत सुटली.

मागच्या महिन्यात बाजाराच्या निरीक्षकाने तिला सांगितलं, ओट्याचा परवाना पुढे चालवायचा तर प्रयोगशाळेचा दाखला आण. आत्या खूश झाली. त्या प्रयोगशाळेत मीच नोकरीला. आमच्याकडे नमुन्यावर नाव नसतं, नंबर असतो, ओळखपाळख चालू नये म्हणून. पण नाकतोडे दुसऱ्या कोणाचे येणार होते?

तपासणी मी जीव ओतून केली. ओलावा चार टक्के. जंतू मर्यादेच्या कितीतरी खाली. कीटकनाशकाचा अंशही नाही. इतका स्वच्छ नमुना मी त्या टेबलावर क्वचितच पाहिला होता. पण आमच्या छापील फॉर्मवर शेवटचा रकाना आहे: "किडे अथवा किड्यांचे अवयव : आढळले / आढळले नाहीत." हा रकाना डाळी-तांदळासाठी केलेला. मी समोर पाहिलं. ताटलीत चाळीस नाकतोडे. दिसेल तेच लिहायचं, असं आम्हाला शिकवलंय. मी "आढळले"वर खूण केली आणि सही ठोकली. साहेबांनी फक्त तो रकाना पाहिला आणि लाल शिक्का मारला: खाण्यास अयोग्य.

दुसऱ्याच दिवशी निरीक्षकाने ओट्याला आडवी दोरी बांधली.

आत्या थेट आमच्या घरी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने कागद पसरला आणि मला मोठ्याने वाचायला लावला. वाचून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे माझ्या नाकतोड्यांत नाकतोडे सापडले."

मी सांगू लागले, की फॉर्म वरून येतो, दुसरा रकानाच नाही, माझ्या हातात काही नसतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"रकाना नव्हता, मान्य. पण खाली सही कोणाची आहे?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले आणि तो नमुना माझ्या आत्याचा होता हे सांगून टाकलं. त्यांच्या टेबलावर एक चकचकीत खोका उघडा होता. कुठल्याशा कंपनीने पाठवलेली, रातकिड्यांच्या पिठाची बिस्किटं. खोक्यावर लिहिलं होतं, उद्याचं अन्न. साहेबांनी चहात बुडवून एक खाल्लं, एक मला दिलं. मी त्या बिस्किटांचा दाखला काढून पाहिला. तोच फॉर्म, तोच रकाना: आढळले नाहीत. निळा शिक्का, खाण्यास योग्य. दळलेला रातकिडा डोळ्यांना दिसत नाही ना! ज्यावर आम्ही माणसाच्या पोटाला काय चालतं ते ठरवतो, त्या कागदाची ही अक्कल. आणि त्या कागदापुढे मान डोलावणारी मी.

साहेब हसले. आत्यालाही दळून आणायला सांग, म्हणाले.

हा निरोप मी मान खाली घालून तिला दिला. आत्याचा चेहरा लाल झाला. "दळायला मी काय चोरी केलीय? दळलं तर तंगड्या काढल्यात की नाही, गिऱ्हाइकाला दिसणार कसं?"

मग मी दाखला नव्याने लिहिला. "आढळले नाहीत"वर खूण केली आणि खाली दोन ओळी जोडल्या: तपासलेला पदार्थ म्हणजे भाजलेले नाकतोडेच. त्याखेरीज दुसरा कोणताही किडा आढळला नाही. साहेबांनी ते वाचलं, बराच वेळ चष्मा पुसला आणि निळा शिक्का माझ्याकडे सरकवला. "मार तूच. उद्या कोणी विचारलं तर उत्तरही तूच द्यायचं." मी मारला.

निरीक्षकाने कागद हातात घेतला, शिक्क्याचा रंग पाहिला आणि दोरी सोडायला लागला.

"अहो, वाचा तरी," आत्या म्हणाली. "माझ्या भाचीने लिहिलंय."

निळा आहे ना, मग झालं, असं तो म्हणाला.

"म्हणजे त्या दिवशीही वाचला नव्हतात. लाल दिसला आणि माझी सतरा वर्षं पुसलीत."

तो पुढच्या ओळीत निघून गेला. आत्याने ओटा पुसला आणि डबा उघडला. पाच दिवस बंद राहून माल मऊ पडला होता. तिने एक नाकतोडा मोडला, हुंगला आणि अख्खा डबा कचऱ्याच्या पिंपात उपडा केला.

"अगं, दाखला आहे ना आता," कोळंबीवाला कळवळून म्हणाला. "खपवून टाकायचे."

"दाखला त्यांना दाखवायला. हे माणसं खातात."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, पहाटे गवतात तूही चल. नुसत्या ताटलीत बघून तुला काय कळणार.