कातळ की मुरूम

बी.ए. होऊन मी पिंपरीत एका ठेकेदाराकडे लिखापढीला लागलो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मीच पहिला, हे मी कुणी न विचारताच सांगे. एका कंपनीच्या कारखान्याचा पाया खणताना कातळ लागला, पण कंपनीचे इंजिनिअर त्याला मुरूम म्हणत, कारण मुरूम खणायचा दर कातळापेक्षा बराच कमी. मुरमाच्या दरात ठेकेदार काम सोडणार आणि माझी नोकरी जाणार, हे उघड होतं. शेवटी ठेकेदार आणि कंपनीनं मिळून पुण्याचे एक निवृत्त साहेब लवाद नेमले.

करारातलं कलम मीच शोधून वाचलं: कुदळ शिरत नाही तो कातळ. आमच्या मजुराने घाव घातला. कुदळ उसळली.

"मुद्दाम हळू मारतोय," इंजिनिअर म्हणाले.

"मग तुमी मारा, साहेब. आमी बघतो," मजूर म्हणाला.

लवादांनी कोट काढून माझ्याकडे दिला आणि स्वतःच कुदळ हाणली. ठिणगी उडाली, त्यांची टोपी चरात पडली. ते हसत सुटले, मग आम्ही सगळेच, इंजिनिअरसुद्धा.

"कातळ," साहेब म्हणाले. पण हाताला अशा झिणझिण्या आल्या की त्यांना पेन धरवेना.

"लिही रे, ग्रॅज्युएट," इंजिनिअरच म्हणाले.

मातीच्या ढिगावर बसून मी निकाल लिहिला. हसण्यानं अक्षर वाकडं आलं, आणि साहेबांची सही त्याहून वाकडी.