तपासणीच्या दिवशीची आंघोळ

माझ्या नणंदेला कुणी खुर्चीत नटूनथटून ताठ बसलेलं बघवत नाही. परवा आमचे हे, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, लग्नाला निघाले होते. दाढी गुळगुळीत, शर्टाला कडक इस्त्री. ही दारातून आत आली आणि पांढरीफटक पडली. "उठून दाखव," म्हणाली. ह्यांनी थट्टा केली, मी काय म्हातारा झालो का. तरी तिचं तेच. शेवटी हे उठून चार पावलं चालले, तेव्हा कुठे ती खाली बसली.

ती पालिकेच्या सेवेत आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, अंथरूण बदलायचं. लोक म्हणतात, त्यात काय एवढं. करून बघा म्हणावं एक दिवस! हिच्या हातची म्हातारी माणसं अशी लख्ख असायची की बरोबरीच्या बाया जळायच्या.

मग बँका बुडाल्या. बुडाल्या कसल्या, बुडवल्या. त्यांचं देणं सरकारने आपल्या गळ्यात घेतलं, म्हणजे तुमच्याआमच्याच. मंत्री टीव्हीवर म्हणाले, काटकसर करावी लागेल, पण दुर्बलांना झळ लागू देणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! दुर्बल कोण ते ठरवायला तपासनीस घरोघर फिरू लागले. ज्याला आपलं आपण करता येतं, त्याची सेवा बंद.

टेलर आजोबांकडे तपासणी होती त्या दिवशी नणंद लवकर गेली. आजोबांचा उजवा हात अधू, धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. पण उभा जन्म लोकांचे कपडे शिवलेला माणूस, मळकी कॉलर खपायची नाही. घरी साहेब येणार म्हणून दोघांचीही लगबग. हिने त्यांना आंघोळ घातली, दाढी केली, ठेवणीतला शर्ट चढवला, उचलून खुर्चीत बसवलं आणि पाठीची उशी दिसणार नाही अशी खोचली. साहेबाने विचारलं, काही त्रास? आजोबा म्हणाले, छे, मजेत आहे. उठून दाखवा असं काही म्हणाला नाही मेला. आणि आमची वेडी मागे उभी राहून कौतुकाने हसत होती.

सेवा बंद झाली. तिने खेटे घातले, कुणी दाद दिली नाही. कामाच्या वेळात तिकडे फिरकायचं नाही असा हुकूम, म्हणून ती संध्याकाळी जायची. एकदा गेली तर आजोबा बाथरूमच्या दारात पडलेले, थंडगार. शर्टाची एकच बाही चढवलेली.

तेव्हापासून ते हिचा पिच्छा सोडत नाहीत. भूतबित मी मानत नाही हो. पण कुणाच्याही हनुवटीला साबण लावला की हिला त्यांचाच चेहरा हाताला लागतो. जेवताना मध्येच थांबते आणि विचारते, हाक मारली का कुणी? आम्ही नाही म्हणतो. तिला पटत नाही. माझा जीव तुटतो तिच्यासाठी.

गेल्या महिन्यात हिच्याकडच्याच पोस्टातल्या बाईंच्या तपासणीची पाळी आली. जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या, आता दिसत नाही, गुडघेही गेलेत, पण टापटीप तीच. यांची सेवा काही झालं तरी जाऊ द्यायची नाही, असं नणंदेने ठरवलं. त्या सकाळी तिने बाईंना हातच लावला नाही. ओलं अंथरूण तसंच, केस पिंजारलेले, गाऊनवर कालचं सांडलेलं. बाई विनवत होत्या, अगं, लोक येणार, निदान वेणी तरी घाल. ही म्हणाली, आज नळाला पाणी नाही. आणि तोंडात पदर कोंबून उभी राहिली.

तपासनिसाने नाकाला रुमाल लावला. सेवा चालू राहिली. मी म्हटलं, जिंकलीस की गं! तेव्हा तिने पुढचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती गरम पाणी घेऊन गेली, तर बाईंनी तिचा हात बाजूला सारला. "काल वरच्यांचा नळ चालू होता. ऐकला मी. का गं केलंस असं?"

हिने सगळं सांगितलं, टेलर आजोबांचंही. बाईंनी विचारलं, "पुढच्या वर्षीही मला त्यांच्यासमोर असंच बसवशील?"

ही हो म्हणाली, आणि त्यांचे केस विंचरायला घेतले.