रायपूर–नागपूर, पन्नास मिनिटं

भास, संकेत, आत्मे... यातलं मी काहीच मानत नाही. पेशानं नकाशे काढते. रायपूर राजधानी झाली तेव्हा नव्या रस्त्यांचे बरेच नकाशे आमच्याच ऑफिसात झाले. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

आम्ही रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहतो. बाबा रेल्वेत गार्ड होते. त्यांची एकुलती एक बहीण, माझी आत्या, गोंदियाला असते. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं, ते टाकलंच. रायपूर–नागपूर ड्युटीवर गोंदियावरून शेकडो वेळा गेले असतील, पण तिच्या घरी कधी गेले नाहीत.

रिटायर झाल्यावर त्यांचं हृदयाचं दुखणं वाढलं. ऑपरेशन नागपूरला ठरलं. गाडीचा एवढा प्रवास झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून विमान. रायपूरच्या माना विमानतळाहून नागपूर – पन्नास मिनिटं. आत्याला कळवू का, असं विचारलं तर बाबांनी तोंड फिरवलं.

मंगळवार होता. सकाळी साडेदहाला विमान उडालं. पट्टा लावला तसा बाबांचा डोळा लागला. त्यांचा हात माझ्या हातात होता, पूर्ण वेळ. उतरायच्या जरा आधी ते जागे झाले. सकाळपासून पोटात नुसता चहा, म्हणून मी बिस्किटं पुढे केली.

"नको, आत्ताच तं खाल्लं," ते म्हणाले. मग खिडकीकडे बघत – "दोन मिनिटं लई कमी पडतात, पोरी."

औषधांची गुंगी असेल, असं मला वाटलं. मी काही विचारलं नाही... ते अजून टोचतं.

ऑपरेशननंतर बाबा शुद्धीवर आलेच नाहीत. गुरुवारी गेले. तेव्हा मी आत्याला पहिल्यांदा फोन केला. संध्याकाळपर्यंत ती नागपूरला पोचली. शेवटची भेट हुकली म्हणून ती कोसळेल, असं मला वाटलं होतं. पण ती शांत होती. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "मंगळवारी भेटला न तो मले."

तिनं सांगितलं ते असं – मंगळवारी सकाळी घरचा फोन वाजला. आवाज दादाचाच. ऑपरेशनला चाललोय, अकराच्या सुमारास गाडी गोंदियाला येईल, येशील का, असं विचारलं. घरात कोथिंबिरीच्या पुडाच्या वड्या होत्या, त्या घेऊन ती स्टेशनवर धावली. बाबा खिडकीशी बसलेले. गाडी दोनच मिनिटं थांबली. गजांतून हात काढून त्यांनी तिचा हात धरला, एक वडी खाल्ली.

"काही बोलले?" मी विचारलं.

"चुकलं माझं, म्हणे. अन् गाडी सुटली."

दोघांचेही बोर्डिंग पास माझ्याकडे आहेत. त्या सकाळी बाबा एक क्षणही माझ्या नजरेआड नव्हते, कुठे फोनही केला नाही. ऑपरेशनचं आत्याला कुणी सांगितलं? सगळ्यांना विचारून झालं. कुणीच नाही. आत्या खोटं बोलणारी बाई नाही.

आत्या आता थकली आहे. तरी बाबांच्या तिथीला दर वर्षी रायपूरला येते आणि त्या भेटीचं सगळं पुन्हा सांगते. मी ऐकून घेते. आम्ही विमानानं गेलो होतो, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.