चांगदेवच्या हातचा गिअरबॉक्स

भिवंडीच्या कामतघर भागात सकाळी साडेनऊला चांगदेव म्हात्रे पहिली शिवी देतो आणि मगच त्याच्या गॅरेजचं शटर वर जातं. शिवी कुणाला, हे ठरलेलं नसतं. कधी गटाराला, कधी रिक्षावाल्याला, कुणीच नसलं तर शटरला. शेजारी कापड विणणारे छत्तीस लूम खडखडत असतात. तिथं कामगार एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात, पण चांगदेवचा शब्दन्‌शब्द त्यांना भिंतीपलीकडून ऐकू येतो.

चाळीस वर्षं हा माणूस फक्त गिअरबॉक्स उघडतो आहे. इंजिनाला हात लावत नाही. "इंजिन काय, कुनीबी करतो," हे त्याचं मत, आणि इंजिन करणारे चौघे त्याच गल्लीत बसतात, हे त्याला माहीत असूनही तो ते मोठ्यानं सांगतो. जुन्या गाड्यांवर त्याचं प्रेम आहे. राग आहे तो त्यांच्या मालकांवर. गिअरच्या दांड्यावर सतत हात ठेवून गाडी हाकणाऱ्याला तो विचारतो, "ती काय तुजी बायको हाय, हात धरून बसायला?" क्लचवर पाय ठेवून चालवणारा दिसला तर, "पाय ठेवायला पाट पायजे? घरून घेऊन ये!" गिऱ्हाइकं मुकाट ऐकून घेतात. कारण चांगदेवनं बांधलेला गिअरबॉक्स परत येत नाही.

यंदा आला.

केसरीनाथ पाटलाची फियाट. केसरीनाथची पूर्णा गावातली जमीन गोदामांखाली गेली, दारात नवी मोठी गाडी आली, तरी स्वतःच्या लूमच्या शेडवर जायला तो अजून वडिलांची फियाटच काढतो. श्रावणात चांगदेवनं तिचा गिअरबॉक्स उतरवून नवी बेअरिंग, नव्या पितळी रिंगा घातल्या होत्या आणि चारचौघांत सांगितलं होतं, "आता हा माज्या तेराव्यानंतर उघडायचा." मार्गशीर्षात ती गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कोल्ह्यासारखी विव्हळत गॅरेजच्या दारात उभी राहिली, आणि चांगदेव तर अजून धडधाकट होता.

गाडीच्या आधी बातमी आली होती. केसरीनाथचा मुलगा भावेश नाक्यावरच्या चहावाल्याकडे बोलला होता, "काकांचा हात गेला आता. वय झालं."

हे वाक्य चांगदेवला भाल्यासारखं लागलं. त्याचं खरं कारण फक्त त्याची बायको चंद्रा जाणून होती. वर्षभरापासून बारीक क्लिप बसवताना त्याचा उजवा अंगठा थरथरत होता. एखादी क्लिप अर्धवट बसली असेल तर? एक राहिलीच असेल तर? चौसष्टाव्या वर्षी चांगदेव पहिल्यांदा स्वतःच्या कामाला घाबरला होता, आणि घाबरलेला चांगदेव नेहमीच्या दुप्पट ओरडतो.

"या! या सगळे!" गाडीखाली घमेलं सरकवत तो गरजला. "हात गेलाय ना माजा? मग बघायला या! चहा सोडा, तो बी कुटं चांगला असतो!"

माणसं जमली. लूमवरचे तिघे लुंगी सावरत आले. केसरीनाथ हात बांधून उभा होता, त्याच्या मागे भावेश मोबाइलमध्ये तोंड घालून. चांगदेव गाडीखाली घुसला आणि त्यानं गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट सोडला.

गिअरचं तेल काकवीसारखं जाड असतं, हळूहळू उतरतं, आणि त्याच्या सडक्या वासानं दोन दिवस जेवण जात नाही. हे तेल पाण्यासारखं भसाभस आलं. वास जवळजवळ नाहीच. त्यात पितळेचा चुरा चमकत होता. नव्या रिंगा झिजून उतरल्या होत्या. चांगदेवनं दोन बोटांत ते चोळलं आणि सरपटत बाहेर आला. चेहरा काळा, डोळे लाल, आणि आवाजात रागाच्या खाली चक्क आनंद.

"लूमचं तेल! गिअरबॉक्सात लूमचं तेल! अरे, या भिवंडीत भाजीला फोडनी बी त्याच तेलाची देतील! माजा हात गेला म्हंतो? तुमची अक्कल गेली! कुनी ओतलं हे? केसरी, नाव सांग, त्याला मी याच घमेल्यात बुडवतो!"

केसरीनाथ घमेल्याकडे बघू लागला. "जाऊ दे ना, चांगदेव. झालं ते झालं."

"जाऊ दे? माजं नाव नाक्यावर टांगलं तुज्या पोरानं! नाव सांग!"

चंद्रा जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिनं तो बाकावर ठेवला.

"दसऱ्याला शेडवर पुजेला कोन गेलता?" तिनं विचारलं.

"समदे गेलते. तू बी गेलतीस."

"मशिनींना नवं तेल घालतात त्या दिवशी. लूमना घातलं. मग तूच म्हनालास, ह्या फियाटचा बी मान हाय, तिचं बी तेल बदलतो. गाडीखाली कोन शिरला? धोतर नवं, तरी शिरलास."

चांगदेवनं घमेल्यातलं तेल पुन्हा बोटांत चोळलं.

आता त्याला सगळं आठवलं. भावेश त्या दिवशी म्हणाला होता, ही गाडी भंगारात द्या, जुन्या गाड्यांत दम नसतो. त्यावर चांगदेव गाडीखालून त्याच्याशी भांडत होता, वरून केसरीनाथनं शेडमधलाच तेलाचा डबा दिला, आणि चाळीस वर्षं प्रत्येक थेंब बोटांत चोळून बघणाऱ्या माणसानं जुन्या गाडीची बाजू घेता घेता तो तिच्या पोटात ओतला.

केसरीनाथ पटकन म्हणाला, "तेलाचा डबा मीच दिलता. चूक माजी हाय. मीच ओतलं समज."

लोक हळूच पांगायला लागले. भांडण मिटलं की भिवंडीत कुणी थांबत नाही.

"थांबा!" चांगदेव इतक्या जोरानं ओरडला की लूमवाला एकजण घमेल्यात पाय देता देता वाचला. "कुटं चालले? शिव्या ऐकायला आले, आन खरं ऐकायला येळ न्हाय? आन तू रे केसरी! माजी चूक तू घेतोस? मी काय मेलोय? तेल मी ओतलं! न बघता ओतलं!"

कुणीतरी हसलं. हसणारी चंद्रा नव्हती, ती डबा उघडत होती.

"भावेश!"

"काय, काका?" भावेशनं मोबाइल खिशात टाकला.

"आता नाक्यावर जा आन नीट सांग. हात शाबूत हाय म्हनावं. त्या दिवशी डोकं न्हवतं."

आणि बोलता बोलताच तो पुन्हा गाडीखाली घुसला आणि आतून ओरडला की पाना कुठं मेला.