कुत्रा धरा

माणूस गेला की काय करायचं, ते आमच्या डोंगरात सगळ्यांना ठाऊक असतं. त्या घरची चूल पेटत नाही, शेजारणी कुसकुसच्या, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या, पराती घेऊन जातात, पुरुष निळ्या कागदातली साखरेची टोकदार ढेप काखेत मारून दारात उभे राहतात. कुत्रा गेला तर काय करायचं, हे कोणी सांगून ठेवलेलं नाही. म्हणून बस्सूचा उशन मेला तेव्हा अख्ख्या गावाला निमित्तं शोधावी लागली.

शेजारची इझ्झा चाळण परत द्यायला गेली. ती चाळण तिने कधी नेली होती हे तिलाही आठवत नव्हतं. इमाम लोकरीचा भाव विचारायला गेले. मी दुसऱ्या खेपेला तंबूचं फाटलेलं कापड बघायला म्हणून गेले.

बस्सू वयाची साठी उलटलेला, काटक, बोलायला महाग. बायको कधीच गेली, एकुलती मुलगी रहमा खाली शहरात. तिच्या नवऱ्याचं पंक्चरचं दुकान आहे. गावाचं कुरण वसंतभर चरायला बंद असतं. उन्हाळ्यात ते उघडलं की आम्ही सगळे कळप घेऊन वर जातो, आणि बस्सूचा तंबू कायम शेवटचा, देवदारांच्या रानाला लागून. कोल्हे तिकडूनच येतात. त्या कडेला बस्सू आणि उशन असले की बाकीचे तंबू बिनघोर झोपतात.

उशन म्हणजे आमच्या बोलीत कोल्हाच. पिल्लू असताना तो इतका मरतुकडा आणि तांबूस होता की पाणवठ्यावर बायका म्हणाल्या, "दादा बस्सू, मेंढ्या राखायला कोल्हाच आणलास की."

"असू दे," तो म्हणाला, "घरचा आहे."

पुढे त्या मरतुकड्याचा वासराएवढा कुत्रा झाला. एकदा गारपिटीत एक मेंढी मागे राहून व्यायली. बस्सूने ती सोडूनच दिली होती. गारा थांबल्यावर तो परत गेला तर उशन वाऱ्याकडे पाठ करून आडवा पडलेला, आणि त्याच्या पोटाशी मेंढी आणि कोकरू, दोघं कोरडी. बस्सूने हे आपणहून कोणाला सांगितलं नाही. आम्हाला कळलं ते त्या दिवसापासून तो स्वतःच्या भाकरीतली अर्धी त्याला घालायला लागला आणि आम्ही खोदून विचारलं म्हणून.

आमच्याकडे कोणाच्या तंबूशी किंवा घराशी थेट जायचं नसतं. लांब उभं राहायचं, ओरडायचं, "कुत्रा धरा." आतून उत्तर येतं, "धरलाय, ये." मग पुढे व्हायचं. शेजारच्या तंबूतला हम्मादी एकदा तसाच घुसला. त्याची मेंढी बस्सूच्या कळपात मिसळली होती आणि तो तावातावात होता. उशनने त्याची पोटरी धरली. हम्मादीने कुत्रा मारून टाकायची मागणी केली. बस्सू म्हणाला, "कुत्र्याने त्याचं काम केलं. तू तुझं केलं नाहीस." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. लग्नात एका परातीत जेवायला बसायची वेळ आली तर एक जण उठून जायचा.

म्हातारपणी उशनचा एक कान गेला. चाहूल लागली की तो भुंकायचा, पण भलतीकडे तोंड करून. मग बस्सू उठून त्याला खांद्याला धरून वळवायचा. "तिकडे रे बाबा. तिकडे." दात पडले तेव्हा जवाची भाकरी ताकात कुस्करून द्यायचा. आणि या वसंतात, कुरण उघडायच्या थोडं आधी, एका सकाळी कळप वाड्यातून बाहेर पडला तरी उशन उठला नाही.

मला बातमी कळली तेव्हा माझं डोकंच फिरलं. कोल्ह्यांसाठी लोक विषाचे गोळे टाकतात, त्यावर मी वर्षानुवर्षं भांडते आहे. मी तडक त्याच्या दारात.

"कोणी घातलं? नाव सांग. उद्याच्या उद्या अर्ज टाकते."

"म्हातारपणाने घातलं," बस्सू म्हणाला. "टाक अर्ज. वरच्याकडे टाकावा लागेल. तिथवर रस्ता झालाय का ते बघ आधी."

मेलेला कुत्रा आमच्याकडे ओहोळात टाकतात. बस्सूने अंगणालगतच्या झाडाखाली खड्डा खणला आणि वर दगड रचले. त्यावरून कुजबुज झाली. माणसाच्या थडग्यासारखं कशाला? "कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून," तो म्हणाला. "त्यांचा हिशोब बाकी असणार."

इमाम भले गृहस्थ आहेत. लोकरीचा भाव विचारून झाल्यावर त्यांनी हळूच म्हटलं, "बस्सू, तसंही, कुत्रा असतो त्या घरात देवदूत येत नाहीत म्हणतात."

"तो कधी उंबऱ्याच्या आत आला नाही, सिदी. देवदूतांना वाट मोकळी होती. आताही आहे. अजून तरी कोणी आलं नाही."

इमामांनी चहा संपवला. जाताना दगडांपाशी क्षणभर थांबले, हे मी पाहिलं.

हे सगळं ठीक होतं. पण चौथ्या की पाचव्या पाहुण्याला बस्सूने सांगून टाकलं की तो यंदा वर येणार नाही. कळप जावयाच्या भावाला देणार आणि रहमाकडे जाऊन राहणार. ट्रकमधून हजारो मेंढ्या आणणारे बाहेरचे धनदांडगे दरवर्षी त्या कडेवर डोळा ठेवून असतात. तिथे तंबू नाही असं दिसलं की ते घुसणार. पण खरं सांगायचं तर मला त्या वेळी कुरण दिसत नव्हतं. पंक्चरच्या दुकानापुढे स्टुलावर बसलेला बस्सू दिसत होता, रबराच्या वासात, कोणाशी न बोलता. असा माणूस एक हिवाळा काढत नाही.

मी समजावलं, भांडले, ओरडलेही. इझ्झाने दुसरं पिल्लू देऊ केलं.

"चाळण आहे का ती?" तो म्हणाला. "एक दिली, दुसरी आणली?"

त्याच दुपारी आम्ही दोघी अंगणात बसलो होतो, बस्सू आत. आणि खालच्या अक्रोडाच्या झाडापासून हाक आली.

"कुत्रा धरा."

आम्ही गारच पडलो. बस्सू बाहेर आला तो हातात काठी घेऊनच. झाडाखाली हम्मादी उभा होता, काखेत साखरेची ढेप.

"थट्टा करायला आलास?" बस्सूने काठी उगारली. "माझ्या दारात? त्याचा मुडदा अजून गार नाही झाला."

हम्मादी जागचा हलला नाही. "थट्टा कशाची? इतकी वर्षं या झाडाच्या पुढे मी पाऊल टाकलेलं नाही. तो मेला हे मला कळलंय. या पोटरीला कोण सांगणार? ती पुढे जायलाच तयार नाही."

बाकी आम्ही सगळे, चाळणीवाले आणि लोकरवाले आणि मी, उशन कधी नव्हताच अशा थाटात सरळ दारात येऊन बसलो होतो. तो अजून तिथे आहे असं मानून थांबला हा एकटाच.

बस्सूने काठी भिंतीला टेकवली. त्याचा हात खाली गेला, मानेचे केस मुठीत धरावेत तसा, रिकामाच.

"धरलाय," तो म्हणाला. "ये."

हम्मादी वर आला, किंचित लंगडत. ते खरं की नाटक देव जाणे. बस्सूने निळा कागद सोडला आणि पितळी हातोडीने ढेप फोडली. चहा उकळेपर्यंत तो मान खाली घालून बसला होता आणि सगळ्यांसमोर डोळे पुसायची लाजही त्याला उरली नव्हती. हम्मादी दुसरीकडे बघत होता.

दुसऱ्या पेल्याला हम्मादी म्हणाला, "कडेला आता माझाच तंबू येणार. आणि माझे दोन कुत्रे कसे आहेत ते तुला माहीत आहे."

"पाहुण्यांवर भुंकतात, कोल्ह्यांपुढे शेपूट हलवतात."

"तेच ना."

"तू झोपलास की तुला तरी कुठे जाग असते," बस्सू म्हणाला. मग बराच वेळ त्याने पेला फिरवला. "माझ्या बाजूला बांध त्यांना. उन्हाळाभर. बघतो काय शिकतात ते."

कुरण उघडलं त्या दिवशी बस्सूचं खेचर सगळ्यांच्या पुढे होतं, त्याच्या मागे दोरीला ओढ देत ते दोन मूर्ख कुत्रे. मी संध्याकाळी रानाच्या कडेला गेले, लांब उभी राहिले आणि हाक मारली. ते दोघं भलत्याच दिशेला तोंड करून भुंकले. तंबूतून बस्सू उठून आला, त्याने एकेकाला खांद्याला धरून वळवलं, आणि मग मला उत्तर दिलं.