छापणाऱ्याची शपथ

मी मूळचाच संशयखोर. त्यातून सरकारी शाळेत मास्तर आणि चोरून गणपतीच्या मेळ्यासाठी पदं लिहिणारा! म्हणजे मग बघायलाच नको.

त्या वर्षी गिरगावात प्लेगची तपासणी चालू होती. आमच्या खोलीत गोरा साहेब बुटांसकट देवघरापर्यंत शिरला. आईनं हात जोडले, तरी थांबला नाही. माझं डोकंच फिरलं. एका बैठकीत सरकारविरुद्ध पद लिहिलं आणि मेळ्यात वाटायला ते छापायचं ठरवलं. पत्रकावर लिहिणाऱ्याचं नाव नसलं तरी चाले. छापणाऱ्याचं मात्र कायद्यानं खाली घालावंच लागे. म्हणजे आधी तो धरला जाणार, आणि त्यानं तोंड उघडलं की माझी नोकरी गेली, वर तुरुंग.

छापखानेवाला मालवणचा, भारी बोलघेवडा. नाक्यावरच्या पोलिसालासुद्धा पान खिलवायचा. मला कसला भरवसा वाटतोय! त्याला मंडपात नेलं आणि म्हटलं, "मूर्तीच्या पायांना हात लावून सांगा, माझं नाव फोडणार नाही म्हणून."

तो बघतच राहिला. "मास्तर, इतकोय इस्वास नाय माझ्यावर?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानं शाईचे हात धुतले आणि शपथ घेतली. तरी छापून होताच माझ्या अक्षरातला कागद मी परत मागितला आणि चुलीत घातला.

पंधरवड्यात पोलिसांनी त्याला उचललं. मग शाळाशाळांतून फिरत ते आमच्याकडे आले, सगळ्या मास्तरांना विचारत. फुटला लेकाचा, मी मनात म्हटलं. अंमलदारानं पत्रक पुढं केलं. "हे तुमचं?"

"गणपतीची शपथ, माझं नाही." माझा आवाजसुद्धा कापला नाही.

कोर्टात मी मागच्या बाकावर होतो. लिहिणाऱ्याचं नाव सांग, सोडतो, असं मॅजिस्ट्रेटनं तीनदा सांगितलं. तो म्हणाला, "शपथ घेतलंय, सायबांनू. नाव सांगूचंय नाय." सहा महिन्यांची सजा झाली त्याला. मला उभं राहता आलं असतं. नाही राहिलो.

सुटल्यावर तो थेट माझ्या दारात आला. पार वाळला होता. मी दार अर्धंच उघडलं. आता हा काय बोलतो कोण जाणे.

"मास्तर, औंदाचा पद झाला काय? खाली नाव माझाच घालूया."

त्या पदानंतर मी एक ओळ लिहिली नव्हती. तसं सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"अजून इस्वास नाय?" तो म्हणाला.